आईच्या तोंडी सवतीची बोली

आईच्या अंगावरून वारं गेलं ते भर सकाळी, चुलीपुढं. आबा गिरणीत गेलेले, आत्या नळावर, आणि मी आईसमोर बसून शिळी भाकरी दुधात कुस्करत होते. आई परातीत भाकरी थापत होती. थापता थापता तिचा उजवा हात थांबला आणि पिठात तसाच पडून राहिला. मी म्हटलं, "अगं, तव्यावरची करपली की!" तिनं माझ्याकडं बघितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी सांगायचं होतं तिला, पण शब्दाऐवजी नुसती लाळ आली. मग ती बसल्या जागी उजव्या अंगावर कलंडली, परातीसकट. आज माझे केस पिकलेत, नातवंडं झालीत, तरी तो पिठातला हात आठवला की माझ्या अंगावर काटा येतो.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमची एक खोली आणि पुढं पडवी. आबा, म्हणजे माझे वडील, सूत खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. पन्नास माणसांवर ओरडणारा माणूस, पण घरात आला की तोंडाला कुलूप. आईशी तर कामापुरतं. "अगं, पाणी." "ए, टोपी." झालं. तिला नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नाही. त्या काळी बायकोला कुणीच नावानं हाक मारत नसे म्हणा, पण शेजारचे लोक निदान भांडायचे तरी! आमच्यात भांडणसुद्धा नव्हतं. घर चालवायची ती आत्या, आबांची थोरली विधवा बहीण. तोंडानं फटकळ, देवाधर्माची, आणि आपलं तेच खरं करणारी.

आई पहिल्यापासून दमायची. भरलेली घागर घेऊन चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची, ओठ निळसर पडायचे. आत्या म्हणायची, "सोंग हाय सोंग! कामाच्या वक्ताला बरा दम लागतो." मी लहान असताना आईच्या कुशीत झोपायचे तेव्हा तिच्या छातीला कान लावायचे. आतली धडधड सरळ नसायचीच. दोन ठोके घाईनं, मग एक गाळलेला, मग तीन एकदम. मला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच वाजतात. गिरणीत चाक जरा वेगळं वाजलं तर आबांना दुसऱ्या टोकाला कळायचं. घरातलं हे मात्र त्यांनी कधी ऐकलं नाही.

डॉक्टर आणला तो आबांनीच, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. धारवाडकडचा माणूस होता तो, सोलापुरात दवाखाना घातलेला, मराठी बोलताना शब्दाच्या शेवटी हेल काढायचा. त्यानं आईच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग आबांना विचारलं, "लहानपणी सांधे धरून ताप आला होता काय हिला? गुडघे, मनगटं सुजली होती?"

आबा आत्याकडं बघायला लागले आणि आत्या आबांकडं. कुणाला ठाऊक असणार? आई वैरागकडून लग्न होऊन आली, तिची आई लहानपणीच वारली, आजोळी मेंढरांमागं वाढली, एवढीच तिची माहिती आमच्या घरात होती. आजोळ कुठलं, हेसुद्धा कुणी विचारलेलं नव्हतं. बैल घेताना माणूस जास्त चौकशी करतो!

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. हृदयात झडप असते, ती त्या जुन्या तापानं आकसली आहे. रक्त पुढं जायच्या ऐवजी आत तुंबतं आणि त्याची गुठळी धरते. तशी एक गुठळी सुटली आणि डोक्यात जाऊन अडकली, म्हणून उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. "दुसरी सुटली तर मी काही करू शकणार नाही. हे थेंब पाण्यातून द्या, ठोका ताळ्यावर येईल. आणि हिला हलवू नका. रडणं, भिणं, दगदग, काही होता कामा नये. शांत पडू द्या." थेंब द्यायचं काम माझ्याकडं आलं. मी बारा वर्षांची होते.

आत्याला ती गुठळी काही पटली नाही. "वारं गेलंय, त्याला पारव्याचं रगत चोळत्यात. गुठळी कसली? ते काय दही हाय?" पण आबा गप्प राहिले, आणि आबांचं गप्प राहणं म्हणजे हो असतं की नाही असतं, हे आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही. त्यामुळं थेंब चालू राहिले आणि चार-पाच दिवस बरे गेले. आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. डाव्या हातानं ती माझी वेणी चाचपायला लागली.

आणि मग ती बोलली. मी तिचं तोंड पुसत होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "इल्ली बा."

इकडं ये. सोलापुरात एवढं कानडी बाजारात कुणालाही कळतं. पण आमच्या आईला कानडीचा गंधही नव्हता! दारावर अक्कलकोटकडची घोंगडीवाली आली आणि कानडीत बोलली की आई मान खाली घालून आत निघून जायची. मला पहिल्यांदा हसूच आलं. मी ओरडले, "आत्या, आई बोलली! कानडी बोलली!" आत्या ताक घुसळत होती. तिच्या हातातली रवी खाली पडली.

तुम्हाला आता आमच्या घरातली दुसरी बाई सांगायला पाहिजे. आई ही आबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकरासकट. ती कानडी मुलखातली होती, घरात कानडीच बोलायची, मराठी मोडकंतोडकं. आबांना आणि आत्याला त्यातलं बाजारापुरतंच कळायचं. आबांच्या तोंडून मी तिच्याबद्दल अक्षर ऐकलेलं नव्हतं. पण आईच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक टाक असायचा, बोटाच्या पेराएवढा ठसा उठवलेला पत्रा. मेलेल्या सवतीचा टाक दुसरेपणाच्या बायकोनं गळ्यात घालायचा, तिला मान द्यायचा, नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं, म्हणजे ती त्रास देत नाही. आईनं हे सगळं बिनबोभाट केलं होतं.

आता झालं काय, की आजारपणात गळ्याशी काचतो म्हणून डॉक्टरांनी तो टाक काढायला लावला होता. टाक काढला आणि चार दिवसांत आईच्या तोंडून कानडी! आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं माजे आई! ही आपली न्हवं. ही ती हाय. थोरली आली!"

आई मात्र माझ्याकडं हात पुढं करून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "इल्ली बा, इल्ली बा." आणि मध्येच "हुडगी" म्हणायची. हुडगी म्हणजे पोरगी. आत्यानं मला दंडाला धरून असं ओढलं की बांगडी फुटली. "पोरगी मागतीय ती! तिचं लेकरू गेलं न्हवं? आता ह्या लेकराला न्यायला आली!"

मलाही खरं वाटलं. खोटं कशाला सांगू? आईचं तोंड वाकडं, आवाज घोगरा, आणि बोली अनोळखी. मी आत्याच्या पदरामागं लपले. आईचा डावा हात तसाच हवेत राहिला.

त्या दिवसापासून मला आईजवळ जायची बंदी झाली. आत्यानं थेंबांची बाटली उचलून फळीवर ठेवून दिली. "देवाचं चालू असताना इंग्रजी औषध चालत न्हाई." रोग म्हशीला अन् औषध पखालीला, म्हणतात ना, तसं! डॉक्टर काय म्हणाला होता? हलवू नका, भिववू नका. आणि आबांनी गिरणीला खाडा करून देवऋषी आणला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून भर दुपारी दार लावून घेतलं, जेव्हा अर्धी चाळ कामावर होती.

देवऋषी फार काही आक्राळविक्राळ नव्हता. भाजीवाल्यासारखा दिसायचा, पान खाल्लेला. त्यानं शेगडीत लाल मिरच्या टाकल्या आणि धूर आईच्या तोंडापुढं धरला. आम्ही सगळे खोकायला लागलो, डोळ्यांतून पाणी. आईला धड खोकताही येईना. तिला आत्यानं पाठीमागून धरून बसवलं होतं, मान लटकत होती. मग लिंबाच्या डहाळ्यानं तो तिच्या खांद्यावर, पाठीवर मारायला लागला आणि दर फटक्याला विचारायला लागला, "बोल, कोण हायस? बोल, काय पायजे?"

आई बोलत होती की! सारखी बोलत होती. "होडीब्याड्री, होडीब्याड्री." आणि मग माझ्याकडं बोट करून काहीतरी "हुडगी", काहीतरी "अव्व". देवऋषी म्हणाला, "लई जिद्दीची हाय. हटत न्हाई." आणि पुन्हा मिरच्या टाकल्या. आईची छाती असली उडत होती की लुगड्याचा पदर हलताना दिसत होता. मी कोपऱ्यात उभी राहून ओरडले, "पुरे करा की! मरंल ती!" आत्यानं मला गप्प बसवलं. "मरू दे, म्हंजे सुटंल आपली आई." असं म्हणाली ती! डोक्यात असं काही घट्ट बसलं की माणसाला आपण काय बोलतो हेसुद्धा ऐकू येत नाही.

मग देवऋषी आबांना म्हणाला, "नवऱ्यानं इनवणी केली तर ऐकंल. बोला तिच्यासंगं."

आबा पुढं झाले. आईसमोर मांडी घालून बसले, दोन्ही हात जोडले. आणि त्यांनी तिला नावानं हाक मारली. पहिलीचं नाव होतं ते, मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आबांचा आवाज मला ओळखूच येईना. इतका मऊ आवाज ह्या माणसाकडं होता, आणि बारा वर्षांत आमच्या कानावर पडला नव्हता!

"मी तुला इसरलो न्हाई गं," आबा म्हणाले. "येक दिस बी न्हाई. तू बोलायचीस तवा घर भरल्यावानी वाटायचं. तू गेलीस आन् माजं हितं मन लागलं न्हाई. हिला आणली ती ताईनं हट्ट धरला म्हणून. घरात बाईमाणूस पायजे म्हणून. तुज्या जागी मी कुणाला बशीवलं न्हाई, तुजी आन." मग ते रडले. माझे आबा, पन्नास माणसांवर ओरडणारे, हुंदके देऊन रडले. "आता हिला सोड. पोरीला आई ऱ्हाऊ दे."

आई एकदम गप्प झाली. आबांकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मिरच्यांचं नव्हे, ते केव्हाच थांबलं होतं. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि मान भिंतीकडं फिरवली. देवऋषी समाधानानं म्हणाला, "गेली बगा. सुटली." आत्यानं नारळ फोडला, खोबरं वाटलं. मीसुद्धा खाल्लं.

संध्याकाळी डॉक्टर आपणहून बघायला आला. दार उघडलं तसा धुराच्या वासानं मागं सरला. "हे काय चाललंय काय?" त्यानं आईची नाडी धरली आणि त्याचा चेहरा उतरला. बाटली विचारली. मी फळीकडं बोट दाखवलं. तो काही बोलायच्या आत आत्यानंच सांगून टाकलं, "डाक्टरसाब, रागावू नगा. हिच्या आंगात हिची सवत आली हुती. चार दिस कानडी बोलत हुती. आज गेली."

"कानडी?" डॉक्टर म्हणाला. तो आईजवळ खाली जमिनीवरच बसला आणि तिच्याशी कानडीत काहीतरी बोलला. एकच वाक्य असेल.

आईनं डोळे उघडले. डाव्या हातानं त्याच्या कोटाची बाही गच्च धरली आणि बोलायला लागली. अडखळत, थांबत, लाळ गळत, पण थांबेना. तो विचारायचा, ती सांगायची. आम्ही तिघं उभे. त्या परक्या माणसाशी आमची आई आमच्यापेक्षा जास्त बोलत होती. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं तिचं तोंड पुसायला, पण त्यांनी आधी स्वतःचे डोळे पुसले.

"हिच्या अंगात कोणी नाही," ते म्हणाले. "हिचं आजोळ कानडी मुलखात, आळंदच्या बाजूला होतं. नऊ वर्षांची होईपर्यंत ही कानडीशिवाय दुसरं काही बोललीच नाही. सांध्यांचा तापसुद्धा तिथंच आला, दोन महिने अंथरुणात होती म्हणते. मेंदूला अशी इजा झाली की कधी कधी नंतर शिकलेली भाषा जाते आणि लहानपणची तेवढी राहते. असं होतं."

"मग ती काय म्हणत हुती?" आत्यानं विचारलं.

"म्हणत होती, मारू नका." डॉक्टर तिच्याकडं बघतसुद्धा नव्हते. "तुम्ही विचारत होता ना, कोण आहेस म्हणून? ती दर वेळी सांगत होती, ह्या हुडगीची अव्व, ह्या पोरीची आई आहे मी."

मी धावले. आत्यानं धरलं नाही. आईच्या डाव्या खांद्यावर वळ उठले होते, तिथंच मी तोंड लावून रडत सुटले आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत "हुडगी, हुडगी" म्हणत राहिली. आत्या दारातच खाली बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. तिचं तिला मारू दिलं सगळ्यांनी.

आबा मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी फार हळू विचारलं, "डाक्टरसाब, म्हंजे आता तिला मराठी कळत न्हाई?"

मी लहान होते, तरी त्या प्रश्नात किती आशा होती ते मला ऐकू आलं.

"कळतं की!" डॉक्टर म्हणाले. "बोलता येत नाही एवढंच. तुम्ही जे जे बोललात ते सगळं कळलंय तिला."

आबांनी भिंत धरली. डॉक्टरांना वाटलं त्यांना चक्कर आली, म्हणून ते पाणी मागायला लागले. आबा पाणी न घेताच बाहेर गेले आणि पडवीत पाठ करून उभे राहिले.

थेंब पुन्हा सुरू झाले. दुसरी गुठळी लगेच सुटली नाही, हे आमचं नशीब. महिना-दोन महिन्यांत आईचं मराठी परत यायला लागलं, आधी भांड्यांची नावं, मग आमची नाती. एकदा मी तिला विचारलं, "तुला कानडी येत होतं तर कधी बोलली का नाहीस गं?" तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा. म्हणाली, "आल्या दिशीच कळलं... ह्या घरात कानडी तिचं हाय. मी बोलले असते तर म्हनले असते, थोरलीची नक्कल करतीय. म्हणून म्हटलं, नगंच." बास, एवढंच. इतकी वर्षं आपली जीभ तिनं असल्या कारणासाठी दाबून ठेवली, आणि आम्ही तिला अडाणी समजत होतो. मला तिचाच राग आला, आबांचा आला, त्या मेलेल्या बाईचासुद्धा आला.

आबा आता गिरणीतून सुटले की सरळ घरी यायचे. आईचे पाय चेपायचे, तिला बसवून चहा पाजायचे, थेंब स्वतः मोजायचे. पण बोलायचे नाहीत. तिच्या डोळ्यांकडं बघायचे नाहीत. पुढच्या थंडीत दुसरी गुठळी सुटली आणि आई झोपेतच गेली. त्याच्या थोडं आधीची गोष्ट. मी पडवीत तांदूळ निवडत होते आणि आत आबा तिच्या उशाशी बसले होते. एकाएकी आबा म्हणाले, "त्या दिशी मी जे बोललो... तू ते मनाला लावून घिऊ नगंस. मी शुद्धीत न्हवतो."

माझे हात थांबले. मला वाटलं, आता ती रडणार, नाहीतर निदान एकदा तरी तोडून बोलणार. बोलावंच तिनं, असं मला फार वाटत होतं.

आई सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलली. "तसं येकदा बोला की माज्याशी. नाव तिचं घेतलं तरी चालंल."

मी दारातून बघितलं. आबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेवढंही त्यांना जमलं नाही.